पहिल्या ओळीच्या वर

म्हारोग. आमच्याकडं असंच म्हणत्यात. कागदावर महारोग, तोंडात म्हारोग. मधला 'ह' आमच्या भागातली माणसं अर्धा गिळत्यात, त्याला कोण काय करणार! पण त्या गिळलेल्या 'ह'पायी एका पोरीचा हात जायची पाळी आली हुती, म्हणून सांगती.

मी लीलाबाई. कुंडलच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या सरकारी उपकेंद्रात मी अर्धवेळ बाई म्हणून लागले हुते. झाडलोट करायची, नर्सबाईंच्या मागं लशीचा डबा धरून फिरायचं, कुणाच्या घरात कोण आजारी हाय ते सांगायचं. सातवी पास. बौद्ध वस्तीतली. छप्पनला माझ्या सासऱ्यांनी धम्म घेतला, घरातलं देव नदीत सोडलं, त्याला तवा चाळीस वर्सं होऊन गेली हुती, पण गावाच्या तोंडातलं आमचं जुनं जातीचं नाव काय सुटंना. रागानं बोलती म्हणू नका. रागानंच बोलती.

अठ्ठ्याण्णव साली दिवाळी झाल्यावर सरकारनं हा रोग हुडकायची मोहीम काढली. मलकापूरचा महेंद्र म्हणून तपासनीस आला. तीस-बत्तीसचा गडी, मिशा राखलेला, काखेत फाइल. आन पयल्याच सकाळी रोगी घावला तो माझ्याच घरात. माझी सासू, आक्काताई.

आक्काताईनं जल्मभर सुईणपण केलं. अर्ध्या गावाची बाळं तिच्या पायावर न्हाली असतील. महेंद्रनं तिला दारातल्या उजेडात बसवलं. "मावशी, डोळे मिटा. मी कुठं टेकवतो ते बोटानं दाखवा." आक्काताईनं डोळं मिटलं. त्यानं दंडावरच्या फिक्या चट्ट्याला पेनाचं टोक लावलं. ती गप्पच. जरा वेळानं म्हणाली, "लाव की रं बाबा, बघतोस काय?" त्याचं चारदा लावून झालं हुतं.

मंग त्यानं कागद काढला. पयल्या ओळीत रोग्याचं नाव, त्याच्या खाली सहवासितांची नावं. "मावशी, तुमचा जास्त सहवास कुणाशी?"

आक्काताईचं डोळं हे एवढं झालं. "आरं देवा! मालक जाऊन वीस वर्सं झाली. ह्या वयात कुणाशी आसंल सहवास?"

मी पदर तोंडात कोंबला. महेंद्रचं कान लाल झालं. "तसं नाही, मावशी. उठबस कुणाशी, रोज जवळ कोण असतं?"

"मंग तसं म्हण की." तिनं बोटावर मोजून लेक, सून, नातवंडं, शेजार सांगितला. मी म्हटलं, "आत्ती, अंबूबाईंचं पाय चोळायला रोज जाताय ते?"

"ती काय उठबस हाय व्हय? ते काम हाय," आक्काताई म्हणाली, आन तोंड फिरवून बसली.

वरल्या आळीतल्या केरबा आबांची मालकीण, अंबूबाई. पंधरा एकर ऊस, दाराम्होरं ट्रॅक्टर. अंबूबाईंला वात झालाय, चालवत न्हाई, असं सात वर्सं गाव ऐकत आलं हुतं. आक्काताई रोज दुपारी मागल्या परड्यातल्या दारानं आत जायची, चोळून त्याच दारानं भाईर यायची. ते घर बी लिवा, असं महेंद्रला सांगावं माझ्या मनात आलं, पण त्यानंच फाइल मिटली.

"तसंही मंजुरी वस्तीपुरतीच आहे, ताई. पहिला रुग्ण ज्या वस्तीत, त्याच वस्तीच्या तपासणीला पैसा मिळतो. जीप, डिझेल, माणसं, सगळं तेवढ्यापुरतं. पहिल्या ओळीत मावशींचं नाव आलं, म्हणजे बौद्ध वस्ती. अडतीस घरं."

"आन पलीकडं?"

"पलीकडचा पैसा नाही."

"का? रोग आमच्या वस्तीची कमान बघून मागं फिरतो व्हय?"

त्यानं फाइल काखेत मारली. त्याचं बी खरं हुतं, नियम त्यानं थोडाच केलता.

दोन दिस जीप आमच्या कमानीखाली उभी. अडतीस घरातलं एकेक माणूस, तान्ह्या लेकरापासनं म्हाताऱ्यापर्यंत, कपडं काढून उजेडात तपासलं. दुसरं कुणी घावलं न्हाई. पण अख्ख्या गावानं जीप बघितली हुती. तिसऱ्या दिवशी डेअरीत आमच्या वस्तीचं दूध निराळ्या कॅनात वतून घ्याया लागले. शेतात भांगलणीला आमच्या बायकांस्नी बोलावणं यायचं बंद झालं. पैसा आला आमच्या भल्यासाठी आन शिक्का मारून गेला. महेंद्र दुसऱ्या गावाला गेला, मी उपकेंद्रात झाडू मारत राह्यले.

त्यावर आठ दिवसांनी नर्सबाईंबरोबर शाळेत जंताच्या गोळ्या वाटायला गेले. दुसरीच्या वर्गात केरबा आबांची नात बसली हुती, पूजा. तिचा बा ऋषिराज मिलिटरीत, आय धाकट्याला घेऊन त्याच्याजवळ; पोरगी शाळेसाठी आजा-आज्जीकडं. अख्ख्या शाळेत तिच्यासारखं अक्षर न्हाई, पाटीवर काढलं की पुसू वाटायचं न्हाई. तर त्या दिवशी वर्गाच्या बाई तिच्यावर वरडत हुत्या. "आळशी झालीस! पेन्सिल धरता येत नाही का?"

मी गोळी द्यायला वाकले. पोरीची करंगळी आत वळल्याली, तिच्यावर टपोरा फोड.

"कशानं गं भाजलं?"

"आज्जीला च्या दिताना."

"लय दुखलं?"

"न्हाई," पूजा म्हणाली. "कळलंच न्हाई मला."

मी गोळ्यांचा डबा खाली ठेवला. बाही वर केली. कोपराच्या खाली रुपयाएवढा फिका चट्टा. म्हटलं, "पूजा, डोळं मीट बघू, आपुन खेळ खेळू." लेखणीचं टोक लावलं. पोरगी हसत हुती, वाट बघत हुती कवा लावती म्हणून. मी तशीच भाईर आले आन मलकापूरला फोन लावला.

महेंद्र दुसऱ्या दिवशी एस्टीनं आला. शाळेच्या पायरीवर त्यानं पोरीचं कोपर चाचपलं. आतली शीर दोरीगत जाड लागत हुती. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, रोगानं शीर धरलीय. औषध आत्ता सुरू झालं तर बोट सरळ होईल. दोन-तीन महिने गेले तर वाकडं ते वाकडंच, मग शेजारची बोटं. उजवा हात आहे. पण घरच्यांच्या परवानगीशिवाय मी गोळी देऊ शकत नाही." गोळ्यांची पाकिटं उपकेंद्राच्या कपाटात पडली हुती. रोज त्यांच्यावरची धूळ मीच पुसत हुते.

आमी दोघं केरबा आबांच्या दारात गेलो. आबा सोप्यात पेपर वाचत बसल्यालं. आमी पायरीखाली उभं. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचं डोळं दोनदा माजघराच्या दाराकडं गेलं.

"कुणाच्या घरात उभी हाईस, लीले?" आबा म्हणालं. "आमच्यात कसला आलाय म्हारोग? रोगाच्या नावातच हाय की त्यो कुणाचा ते. तुमचा रोग तुमच्यापाशी ठेवा."

महेंद्र म्हणाला, "आबा, शब्द महारोग आहे. महा म्हणजे मोठा..."

त्याला काय माहीत, अशा माणसाला व्याकरण सांगून चालत न्हाई. माझं डोस्कं फिरलं. "व्हय आबा, नावातच हाय. मंग म्हादेव बी आमचाच म्हणायचा! म्हाराष्ट्र बी आमचाच! सात-बारा कवा करून देताय?"

आबा ताडदिशी उठलं. पेपर खाली पडला. "चल हो भाईर! ऋषिराजच्या पलटणीत कळलं तर त्याला तोंड दाखवाया जागा राह्यल का? पोरीला उद्या कोण करून घील?" आन आत बघून वरडलं, "पूजा उद्यापासनं शाळंत जायची न्हाई."

म्हंजे मी तोंड चालवलं आन पोरीची शाळा बंद झाली. महेंद्रसंग मी कमानीपर्यंत एक शब्द न बोलता आले. जीभ हासडून ठेवावी असं वाटत हुतं.

घरी आक्काताई सुपात तांदूळ निवडत बसली हुती. मी सगळं तिच्याम्होरं वतलं. पोरीचा फोड, जाड शीर, आबांचं बोलणं. आक्काताईचा हात थांबला.

"अंबूवैनीला वात न्हाई," ती म्हणाली.

मी खालीच बसले.

"सात वर्सं झाली. पयली कानाची पाळी सुजली, मंग बोटं झडाय लागली. मी कोमट पाण्यानं धुती, फडकं बांधती. पोरगी तिच्याच अंथरुणात निजती. आय न्हाई, बा न्हाई, कुणाच्या कुशीत शिरंल? पयल्याच दिवशी वैनीनं माझं मनगाट धरलं. म्हणाली, आक्का, मेले तरी कुणाला सांगू नगं. मी व्हय म्हटलं."

"म्हंजे तुमास्नी रोग त्या घरातनं आला!" मी किंचाळलेच. "आन शिक्का बसला वस्तीवर! आन आत्ती, तुमी त्याच हातानं माझ्या पोरांस्नी भरवत हुता?"

आक्काताईनं सूप खाली ठेवलं. "दंडावर चट्टा दिसला तवापासनं पोरांस्नी जवळ घेतलं का मी? वरीस झालं. तूच म्हणालीस न्हवं का, म्हातारी माजलीया, नातवंडं नकोशी झाली."

मी म्हणाले हुते. चार बायकांत म्हणाले हुते. उठले. "मी चावडीत जाऊन सांगती. कुणाचा रोग कुणाला लागला ते गावाला कळू दे."

"जा," आक्काताई म्हणाली. "वैनीच्या परड्यातच हीर हाय. सांजच्या आत ती उडी टाकील. मंग पोरीला कोण बघंल?"

"मंग पोरीचा हात जाऊ द्यायचा? तुमच्या शब्दापायी?"

तिनं सूप उचललं. पुन्ना तांदूळ निवडाया लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघती तर आक्काताई पांढरं लुगडं नेसून तयार. वंदनेला जाताना नेसती ते. म्हणाली, "त्या महेंद्रला बोलीव. त्यो कागद बी घे म्हणावं." महेंद्र रातच्याला आमच्याच वस्तीत ऱ्हायला हुता. तिघं निघालो. मला वाटलं परड्याकडं वळंल, तर म्हातारी सरळ म्होरल्या दाराला गेली. पन्नास वर्सात त्या दारानं ती कवा गेली न्हवती. पायऱ्या चढली आन सोप्याच्या कडंला बसली.

केरबा आबा दात घासत हुतं, तसंच उभं राह्यलं.

"आबा," आक्काताई म्हणाली, "रोग माझ्या अंगात हाय. तो मीच तुमच्या घरात आणला. पोरगी माझ्याजवळ खेळायची, माझ्यापासनं तिला लागला. कागदावर तसंच लिवा. तुमच्या घराला कोण बोल लावणार न्हाई. पण पोरीचा हात दावा. तेवढं औषध चालू करू द्या."

मला काय करावं कळंना. माझी सासू, जिनं सात वर्सं त्या बाईच्या जखमा धुतल्या, ती त्याच दारात बसून खोटं बोलत हुती, आन तिचं तोंड दगडागत शांत. मी आबांकडं बघितलं. त्यांच्या खांद्यावरचं वझं उतरल्यालं मला सपष्ट दिसलं. त्यांस्नी खरं ठावं हुतं. तरी म्हणालं, "बघितलंस, लीले? मी काय म्हणत हुतो? तुमचाच रोग."

आन महेंद्रला म्हणालं, "लिवा तसं. मंग बघा पोरीला."

महेंद्रनं माझ्याकडं बघितलं. आदल्या रातीच त्याला मी सगळं सांगितलं हुतं. त्यानं कागद आन पेन माझ्या हातात दिलं. त्याला लिववंना.

"लिव गं," आक्काताई म्हणाली.

"न्हाई लिवायची."

"लीले, पोरीचा हात हाय."

चार शब्द. काय कराल तुमी? मी पेनाचं टोपण काढलं. आक्काताईच्या नावाखाली पूजाचं नाव लिवलं. 'कोणापासून' म्हणून रकाना हुता, तिथं पेन टेकवलं. माझ्या डोळ्याम्होरं अडतीस घरं दिसत हुती.

"थांब."

माजघरातनं आवाज आला. दाराची चौकट धरून अंबूबाई उभी. सात वर्सांनी मी तिला बघत हुते. भुवया गेलेल्या, नाक बसल्यालं, हाताला फडकी. उजेडानं तिचं डोळं मिटत हुतं. मागं पूजा, आज्जीचा पदर धरून.

"आत हो," आबा म्हणालं.

"आवं, सात वर्सं आतच हाय की." भिंतीला धरत धरत ती सोप्यात आली आन आक्काताईच्या शेजारी खाली बसली. "आक्का, तुला मी गप बस म्हटलं हुतं. खोटं बोल म्हटलं न्हवतं."

आक्काताईनं मान खाली घातली. कुणाकडं बघंना.

अंबूबाई मला म्हणाली, "लीला, माझा रोग हाय. माझ्यापासनं आक्काला लागला, माझ्यापासनं पोरीला. तिला गोळ्या द्या, मी सांगती. माझं नाव लिव. आन आक्काच्या वर लिव. जल्मभर आमी वर बसलो, तुमास्नी खाली बसिवलं. मंग हितं बी माझंच नाव वर लिव."

केरबा आबा पायऱ्या उतरून अंगणात गेलं आन ट्रॅक्टरला पाठ लावून उभं राह्यलं.

महेंद्रनं चष्मा पुसला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, पहिली ओळ वरल्या आळीची झाली, तर मंजुरी वरल्या आळीची मागता येईल. सगळी घरं." आन खरंच, पंधरा दिवसांनी जीप आली आन दोन दिस मारुतीच्या देवळाम्होरं उभी राह्यली. एकशे चार घरं तपासली. आणखी चार माणसं घावली, चौघंबी वरल्या आळीतली. त्या आठवड्यात डेअरीतला निराळा कॅन कुणी तरी उचलून ठेवला. कुणी ठेवला ते कुणीच सांगितलं न्हाई, आमी बी इचारलं न्हाई. पण ते मागनं.

त्या सकाळी अडचण निराळीच झाली. वर नवं नाव घालायचं तर तिथं रोग्याची सही पायजे, न्हाईतर अंगठा. महेंद्रनं शाईची डबी उघडली. अंबूबाईनं फडकं सोडलं. अंगठ्याचं थोटूक शाईत बुडवून कागदावर टेकवलं. नुसता काळा डाग. रेघ एकबी न्हाई.

"हे चालणार नाही," महेंद्र म्हणाला. "अंगठा म्हणून घेणार नाहीत. नाव लिहिता येतं का, आज्जी?"

"शाळा कुठली रं बाबा आमाला."

मागनं पूजा म्होरं आली. "मी लिवती. आज्जीचं नाव मला येतंय."

महेंद्रनं माझ्याकडं बघितलं, मी व्हय म्हणून मान हलवली. पोरगी मांडी घालून बसली. कागद गुडघ्यावर घेतला. पेन धरलं, ते निसटून खाली पडलं. पुन्ना धरलं, पुन्ना निसटलं. आक्काताईचा हात मदतीला म्होरं झाला आन तिनं तो आपणच मागं घेतला. तिसऱ्या खेपंला पूजानं वाकडी करंगळी डाव्या हातानं दाबून धरली.

आता पूजा कराडच्या एका शाळेत शिकवती. वरीसभर गोळ्या घेतल्या, बोट सरळ झालं. फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढती, म्हणत्यात. मी ते बघितलं न्हाई. मी बघितलं ते त्या सकाळचं. पयल्या ओळीच्या वर जागा न्हवती, म्हणून छापलेल्या रेघेच्या वर, कोऱ्या कडंला तिनं एकेक अक्षर काढलं. अं. बू. बा. ई. लय वाकडं आलं, पण वाचता येत हुतं.